गार की गरम?

दारात कुणी आलं की आपण आधी चेहरा बघतो, फार तर हातातली पिशवी. टायरनाना चाकं बघतात. ॲडलेडच्या मराठी मंडळींत असा एकही माणूस सापडायचा नाही, ज्याला नानांनी "ये, ये" म्हणायच्या आधी "मागच्या डाव्यात हवा कमी आहे रे तुझ्या" असं ऐकवलेलं नाही. तुमच्या ओळखीतही एखादे नाना असतीलच. कुणाचे पाण्याच्या फिल्टरचे असतात, कुणाचे सोलर पॅनेलचे, कुणाचे गुडघ्याच्या तेलाचे. आमच्या वाट्याला टायरचे आले.

नोकरीत होते तोवर बरे होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी हायएस घेतली, मागे पलंग ठोकला, फ्रिज, गॅस आणि पाण्याची टाकी बसवली आणि मंडळाच्या कोजागिरीला, दूध आटत असताना, जाहीर केलं की आता आउटबॅक. डांबर संपतं तिथून पुढे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निघायच्या आधी टायर निवडायचे आहेत, हे त्यांनी सांगितलं तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

टायर निवडणं म्हणजे दुकानात जाऊन "चार द्या" म्हणणं, असा आपला समज. नाना टायरच्या भिंतीवरचा मजकूर पत्रिका वाचावी तसा वाचतात. 195 आर 15 सी, 106/104. रुंदी 195 मिलिमीटर, 15 इंची रिम, सी म्हणजे मालवाहू जातीचा. 106 म्हणजे एक चाक 950 किलो पेलणार. 104 म्हणजे मागे जोडचाकं असतील तर प्रत्येकी 900. शेवटी एका चौकटीत चार आकडे असतात, ते जन्माचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3517 म्हणजे 2017 सालचा पस्तिसावा आठवडा. मंडळाच्या हॉलबाहेर नाना विजेरी घेऊन गुडघ्यावर बसलेले दिसले, की कुणाच्या तरी टायरची वयोमर्यादा उलटलेली असते आणि त्या माणसाला आरती संपल्यावर कोपऱ्यात घेतलं जातं.

खरा पेच असा होता. हायएसच्या मूळ मापात खडीला पुरून उरेल असा रांगडा टायर मिळणं कठीण. नानांना एक आवडला होता. 215/75 आर 15, लाइट ट्रक जातीचा, खांद्यांवर जाड ठोकळे, दगडाला बघूनच दगड बाजूला होईल असा. पण आकडा 100, म्हणजे चाकाला 800 किलो. गाडीच्या दारावरची पट्टी मागते 950. चार चाकांत सहाशे किलोची खोट! नाना चार दिवस जेवले नाहीत असं त्यांच्या सौभाग्यवती, आमच्या माई, सांगतात. माईंना अतिशयोक्तीची सवय आहे, पण दोन दिवस तरी नसतील जेवले.

कुणीतरी सुचवलं, चिखलाचे टायर घ्या की, मोठमोठ्या खाचांचे. नानांनी त्या गृहस्थाकडे कीव करून पाहिलं. "खाच मोठी म्हणजे मधली चामडी उघडी. दगड नेमका तिथे शिरतो. आणि डांबरावर सातशे किलोमीटर घोंऽऽ ऐकत जायचं ते वेगळं."

मग वजन. टायरवर किती भार येणार हे कळल्याशिवाय हवा ठरत नाही, म्हणून नानांनी भरलेली व्हॅन वजनकाट्यावर नेली. टाकीत साठ लिटर पाणी, कुकर, भाजणीचा डबा, दोन बॅटऱ्या, दोन स्टेपन्या आणि पुढच्या सीटवर माई. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची. काटेवाला म्हणाला, बाईंनी उतरायला हरकत नाही. नाना म्हणाले, "छे छे, त्या लोडमध्ये आहेत." माई हा प्रसंग सांगतात तेव्हा त्यांच्या हातात लाटणं असू नये.

शेवटी 225/70 आर 15 सी ठरला. ऑल-टेरेन, 112/110, म्हणजे चाकाला 1120 किलो. हिवाळा उलटून गेला होता, पण टायर बसले.

इथपर्यंत सगळं खपलं असतं. आम्हाला छळलं ते हवेने. तिकडच्या खडीवर गाडी हाकणाऱ्यांना एक नियम तोंडपाठ असतो. सकाळी टायर गार असताना हवा मोजायची. अर्धा-पाऊण तास चालवून परत मोजायची. साध्या कारच्या टायरमध्ये 4 पाउंड आणि लाइट ट्रक जातीच्या जाड टायरमध्ये 6 पाउंड वाढले तर ठीक. त्याहून जास्त चढली तर समजायचं की मुळात हवा कमी होती. कमी हवेचा टायर जास्त चेपतो, जास्त चेपतो म्हणून जास्त तापतो. नियम चांगला आहे. पण नानांनी तो टायरपुरता ठेवला नाही.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजून जरा जास्त आहे म्हटलं, तर नानांचा प्रश्न, "गार की गरम?" डॉक्टर गोंधळले. "मी पार्किंगपासून तरातरा चालत आलोय. हे गरम रीडिंग झालं. बसू द्या मला, मग घ्या." आणि राग येण्यासारखी गोष्ट अशी, की डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, पाच मिनिटं शांत बसूनच घ्यायला हवं. तेव्हापासून नानांना आवरणं कठीण झालं.

मंडळाच्या सभेत खजिनदार समोशांच्या हिशेबावरून भडकले. नाना माझ्या कानाशी लागले, "बघ, दहा पाउंड चढला. याच्यात मुळात हवाच कमी आहे." पुढे सूनबाई रुसली, शेजारी कुत्र्यावरून भांडला, पुण्याहून आलेल्या मेव्हण्याने राजकारणावरून टेबल बडवलं, प्रत्येक वेळी नानांचं निदान एकच. पटकन तापतो तो माणूस आतून रिकामा. मुलाने घरी मैत्रीण आणली, तेव्हा ती गेल्यावर नाना म्हणाले, "तासभर तुम्ही सगळे तिला छेडत होतात, चारच्या वर गेली नाही. करून टाक." मुलाने केलं. संसार उत्तम चालला आहे, त्यामुळे तिथेही आम्हाला बोलायला जागा उरली नाही.

भारतातून पाहुणे आले की लोक त्यांना कोआला दाखवतात. नाना बर्डवूडच्या मोटार संग्रहालयात नेतात आणि लेलँड बॅजर नावाच्या एका थकलेल्या ट्रकसमोर उभं करतात. हा टॉम क्रूझचा ट्रक. सिनेमातला नव्हे, टपालवाला. 1936 पासून मारी ते बर्ड्सव्हिल या पाचशे किलोमीटरच्या वाळूत आणि गोट्यांत त्याने टपाल, किराणा आणि माणसं पोचवली. 1954 साली त्याच्यावर 'द बॅक ऑफ बियाँड' हा माहितीपट निघाला आणि व्हेनिसला बक्षीस घेऊन आला. नाना ट्रकच्या चाकाला हात लावू पाहतात, रखवालदार नको म्हणतो. नाना त्याला विचारतात, "हवा किती ठेवता?"

तर हे नाना, माई ("मी नाही येणार" म्हणत म्हणत) आणि उरलेल्या जागेत मी, असे आम्ही ऊडनाडाटा ट्रॅकला निघालो. मी का गेलो हे विचारू नका. हॉकर मागे पडलं, फ्लिंडर्सच्या डोंगररांगा उजव्या हाताला पिवळ्या-तांबड्या होत गेल्या, मी त्या बघत होतो आणि नाना डांबराचा दर्जा सांगत होते.

मारीला पोचलो. हे चार घरांचं गाव एके काळी उंटवाल्यांचं ठाणं होतं. बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांच्या मोहिमेसाठी 1860 मध्ये कराचीहून चोवीस उंट आणले गेले, पुढे हजारो आले, त्यांच्याबरोबर त्यांना हाकणारे आले. लोक त्यांना सरसकट अफगाण म्हणत, पण त्यांत बलुचिस्तानचे आणि आपल्या सिंध-पंजाबचेही होते. मारीत त्यांनी मशीद बांधली, खजुराची झाडं लावली. मला हे सगळं दोन मिनिटं शांतपणे बघायचं होतं. नाना म्हणाले, "उंटाचा तळवा पाहिलायस? पाऊल टाकलं की गादीसारखा पसरतो. कमी प्रेशर, मोठा ठसा. सगळं तेच तत्त्व." म्हणजे उंटालाही सोडलं नाही.

रस्ता उघडा की बंद हे सांगणारी मोठी पाटी गावाच्या टोकाला आहे. पाऊस पडला की तिच्यावर 'बंद' झळकतं, आणि बंद रस्त्यावर गेलात तर दंड दर चाकामागे लागतो, स्टेपनीसकट, असं तिकडच्या पबात सांगतात. खरं असो वा नसो, दोन स्टेपन्या बाळगणाऱ्या नानांना ती कल्पना फार आवडली आहे. त्या दिवशी पाटी उघडी होती. नाना गुडघ्यावर बसले. व्हॉल्व्हची टोपी काढली, ती हरवू नये म्हणून ओठांत धरली, गेज लावलं, डोळे बारीक केले आणि सुस्स करत पाव हिस्सा हवा सोडली. दगड आला तर रबराने त्याच्याभोवती वाकावं, ताणून बसलेल्या टायरसारखं भोसकून घेऊ नये, म्हणून. पण हवा कमी झाली की टायरची भिंत फुगते आणि तापते, म्हणून वेग कमी. हे त्यांनी टोपी ओठांत धरूनच सांगितलं. चौथ्या चाकापर्यंत माईंनी चहा करून आणला. नानांनी कपाला हात लावला आणि आम्ही दोघांनी एकदम ओरडून सांगितलं, "गरम!"

पुढचा रस्ता पन्हाळी. पलंग, कुकर, माझे दात, सगळं एका लयीत वाजत होतं. मधेच फुफाट्याचा खड्डा, मधेच तांबडे काळपट तुकतुकीत गोटे. समोरून क्वचित गाडी यायची, तिचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा, नाना एक बोट उचलायचे. कडेला फाटक्या टायरच्या चिंध्या पडलेल्या. एरवी बडबडणारे नाना त्या दिसल्या की गप्प होत. वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचताना माझे आजोबा होत तसे.

आणि पंक्चर मात्र होईना. दोन स्टेपन्या, काँप्रेसर, पॅच, दोऱ्या, दोन जॅक, जॅकखाली ठेवायची फळी, सगळं तयार, आणि टायर ठणठणीत. कॉवर्ड स्प्रिंग्जला उतरलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, अगदी स्पष्ट सांगायचं तर, निराशा होती.

विल्यम क्रीकच्या अलीकडे ती दोघं दिसली. कोवळी जर्मन पोरं, जेमतेम विशीची, आमच्यासारखीच जुनी हायएस, तिरकी उभी. एक स्टेपनी आधीच वापरून झालेली, आता दुसरा टायर बसला होता. नाना गाडी थांबायच्या आधी उतरले असावेत. पहिलं वाक्य "काय झालं?" नव्हतं. त्यांनी चौकटीतले चार आकडे वाचले आणि मुलीला म्हणाले, "हा टायर तू शाळेत जायच्या आधीचा आहे."

मग ते आडवे झाले. धुळीत, नव्या शर्टात. बोट फिरवत फिरवत भेग शोधली. भेग भिंतीवर होती, बोटभर लांब, आतल्या दोऱ्या दिसत होत्या. तळव्याला भोक असेल तर दोरी घालून काढता येतं, भिंतीला इलाज नाही. नाना बराच वेळ नुसते त्या भेगेकडे बघत पडून राहिले. माईंनी तोवर पोरांच्या हातात पाणी आणि चकल्या दिल्या होत्या. मुलगी रडत नव्हती, पण रडायच्या बेतात होती. तिला वाटलं म्हातारा आता ओरडणार.

नाना उठले, आमच्या गाडीच्या छतावरची स्टेपनी सोडली आणि त्यांना बसवून दिली. 225/70 आर 15 सी, 112/110, एक किलोमीटरही न पळालेली. ज्या टायरसाठी हा माणूस हिवाळाभर जेवला-झोपला नाही, तो दोन अनोळखी पोरांच्या गाडीला चढला, नट आवळले गेले, तिरपे तिरपे, एकाआड एक. पैसे विचारले तर म्हणाले, "ॲडलेडला आलात की आणून द्या." पत्ता लिहून दिला. मुलाने मिठी मारली, तेव्हा नाना त्याच्या खांद्यावरून आपण बसवलेल्या चाकाकडेच बघत होते.

पुढे विल्यम क्रीकपर्यंत ते साठच्या वर गेले नाहीत. एकच स्टेपनी उरली होती ना. हवाही मोजली नाही. माईंनी आपण होऊन विचारलं, "गार की गरम?" नाना म्हणाले, "असू दे."

त्या दिवसापासून मी त्यांना टायरनाना म्हणणं सोडलं, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण मी म्हणतो. ते अजूनही माझ्या दारात उभे राहून आधी चाकांना नमस्कार करतात, त्याला माझा नाइलाज आहे. एवढंच मान्य करतो, की डांबर संपल्यावर शेजारच्या सीटवर मला दुसरं कुणी नको.

ती पोरं ॲडलेडला आलीच नाहीत. गाडी डार्विनला विकून मायदेशी गेली, असा निरोप आला, सोबत आभार. तेव्हा वाचकहो, उत्तरेकडे कुठे जुनी पांढरी हायएस दिसली आणि तिचं एकच चाक बाकीच्यांपेक्षा रुंद आणि जाड खांद्यांचं असलं, तर मंडळाला कळवा. नानांना टायर परत नकोय. त्यात हवा किती आहे, एवढंच सांगा. आणि मोजाल ते गार असताना.