जवाई पळाले

माझ्या वजनाबद्दल घरात तीन मतं आहेत. डॉक्टरांच्या मते ते अकरा किलो जास्त आहे. बायकोच्या मते डॉक्टर भिडस्त आहेत. आणि नागपूरला महालात राहणाऱ्या माझ्या सासूबाई, मी रिक्षातून पाय खाली टेकवायच्या आत म्हणतात, "किती वाळले जी जवाईबापू!" वर्षातून एकदा मी नागपूरला जातो तो एवढ्यासाठीच.

यंदा डिसेंबरात गेलो तो पळायचे बूट घेऊन. दोष लंडनच्या मित्राचा. दर रविवारी हा इसम हाइड पार्कात पळतो आणि पुरावे पाठवतो. सर्पेंटाइन तळं, तळ्यात हंस, मागं केन्सिंग्टनचा राजवाडा, पुढं घामाघूम तो, आणि खाली आकडा: आठ किलोमीटर. मी पांघरुणातून अंगठा बाहेर काढून त्याला अंगठाच पाठवतो.

पण तळं, राजवाडा आणि बाग एवढंच भांडवल लागत असेल, तर महालानं लंडनपुढं दबायचं कारण नाही. देवगडच्या बख्तबुलंद या गोंड राजानं १७०२च्या सुमारास बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं. त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं, राजधानीच इथं आणली, गावाला तट घातला, तलाव बांधला. त्याचा जुम्मा तलाव म्हणजेच शुक्रवारी तलाव, म्हणजेच आजचा गांधीसागर. मागून भोसले आले. त्यांच्या वाड्यांवरून वस्तीला महाल म्हणू लागले, आणि बागांचा तर त्यांना इतका शौक की महाराजबाग, तुळशीबाग, सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी अशी रांगच लावली. (पुण्याच्या वाचकांसाठी: नागपूरची तुळशीबाग ही खरोखरच बाग होती. बायकोला हे ऐकून धक्का बसला.)

तेव्हा बेत असा ठरला. वाड्यातून निघायचं, बडकस चौक, गांधी गेट, तलावाला एक फेरी, तुळशीबाग आणि परत. कागदावर पाच-सहा किलोमीटर. कागदावर महालातले लोक मात्र नव्हते.

पहाटे साडेपाचला दाराची कडी आवाज न करता काढली. सासऱ्यांच्या वाड्यात पूर्वी दोन पायऱ्या चढून जावं लागे, आता एक उतरून जावं लागतं. रस्ता सिमेंटचा करताना जुना उखडला नाही, त्याच्यावरच नवा ओतला. वाडा जागच्या जागी राहिला आणि शहर त्याच्या डोक्यावर चढलं. पावसाळ्यात पाणी थेट बैठकीत येतं. ज्यांनी हे केलं त्यांची घरं बहुधा दुसऱ्या मजल्यावर असावीत. असो. सिमेंटवर पळताना प्रत्येक पावलाची खबर गुडघ्याला पोचते, एवढंच मला सांगायचं होतं.

शंभर पावलं झाली असतील. मोटारसायकलला कॅन लटकवलेला एक दूधवाला शेजारी आला आणि माझ्या वेगानं चालवू लागला, म्हणजे त्याला पाय टेकत टेकत यावं लागलं.

"काय झालं जी?"

"काही नाही."

"कोणी मागं लागलं का?"

"नाही हो. असंच."

"असंच?" त्यानं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं, आणि त्यामुळे तो जास्तच काळजीत पडला. "असंच कोणी पळते का जी? घरी बरं हाये ना सगळं?"

"सासरी आलोय," मी धापा टाकत म्हणालो. हे मी म्हणायला नको होतं.

बडकस चौकात शेकोटीभोवती चारजण उभे होते. मी दिसताच चौघंही बाजूला सरकले. मागून येणाऱ्याला वाट हवी, ही त्यांची माणुसकी. कोणी येईना तेव्हा चौघं माझ्याकडे बघत राहिले. नागपुरात अधिवेशन भरलेलं, म्हणजे रोज कुठं ना कुठं मोर्चा. "एकटेच?" त्यातल्या एकानं विचारलं. "बाकीचा मोर्चा मागं हाये का?" तेवढ्यात गल्लीतल्या तीन कुत्र्यांना, रात्रभर थांबलेलं काहीतरी अखेर सुरू झालं असं वाटलं. ती उठली. आता माझ्या पळण्याला कारण मिळालं, आणि चौघांचे चेहरे निवळले.

कुत्र्यांनी मला गांधी गेटपर्यंत पोचवलं. जुन्या शहराच्या तटाचा हा जुम्मा दरवाजा. त्याच्याबद्दल मी बरंच वाचून आलो होतो, पण प्रत्यक्षात तो माझ्या डावीकडून गेला की डोक्यावरून, हेही मला सांगता येणार नाही.

पलीकडं एका स्कूटरनं करकचून ब्रेक दाबला. मफलर, कानटोपी, त्यावर पुन्हा मफलर, आणि मधल्या फटीतून आवाज: "अरे! तुम्ही आमच्या अण्णांचे जवाई ना?"

अण्णा म्हणजे माझे सासरे. महालात तुम्ही कोणाचेतरी कोणीतरी असताच.

"बसा."

"मी पळायला आलोय, काका."

"ते दिसून राहिलं. बसा. कुठवर पळायचं हाये? सोडून देतो."

जावयानं नाही म्हणणं हा सासऱ्यांचा अपमान, आणि मफलरवाल्या काकांना नाही म्हणणं हा अख्ख्या गल्लीचा. मी बसलो. चांद सुलतानाचा तलाव मी स्कूटरच्या मागच्या सीटवरून, काकांच्या खांद्यामागून पाहिला: धुक्यातलं राखाडी पाणी, काठावरचे दिवे. मनगटावरचं घड्याळ थरथरलं. नवा वैयक्तिक विक्रम! एक किलोमीटर, एक मिनिट चाळीस सेकंद. बोल्टनं २००९ साली बर्लिनला शंभर मीटर ९.५८ सेकंदांत काढले, जवळपास याच वेगानं. पण तो शंभर मीटरनंतर दमला. मी पुढं पोह्याच्या गाडीपर्यंत तोच वेग राखला.

कारण काकांनी मला पोह्याच्या गाडीवर नेलं होतं. घाम आलेल्या माणसाला पोहे लागतात, हा त्यांचा सिद्धांत. पोह्यांवर हरभऱ्याची तर्री, तर्रीवर तवंग, आणि मी "बस, बस" म्हणालो की पोहेवाल्यानं आणखी एक पळी ओतायची. दुसरी प्लेट मी मागितली नव्हती. तिसरी मागितली होती. घड्याळाच्या मते मी तोवर दोनशे दहा कॅलरी जाळल्या होत्या. त्या कॅलरी प्लेटीत पुन्हा भेटल्या, येताना नातेवाइकांना घेऊन.

मी पोहे खात होतो तोवर माझी बातमी पळत होती, आणि तिला कुत्री मागं लागलेली नव्हती. दूधवाल्यानं वाड्यावर सांगितलं, "तुमचे जवाई पळून राहिले. मागं कोणी नव्हतं." शेजारच्या काकूंकडे ते "जवाई पळाले" असं पोचलं. समोरच्या आळीत "भांडून पळाले" झालं. सहाच्या सुमारास एका आत्याबाईंनी येऊन माझ्या झोपलेल्या बायकोला उठवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बायकोनं पडल्यापडल्या पहिला प्रश्न विचारला म्हणे, "कोण?"

काकांना दूध न्यायचं होतं म्हणून मी कसाबसा सुटलो आणि गांधी गेटकडे चालत निघालो. पळायचा प्रश्नच नव्हता, तर्री मध्ये बसली होती.

गेटपाशी अण्णा उभे होते.

अण्णा शहात्तर वर्षांचे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते गल्लीच्या कोपऱ्यापलीकडं गेलेले नाहीत. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. मला पाहून त्यांनी पिशवी पुढं केली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या माझ्या कोल्हापुरी चपला होत्या.

"दाराशी तशाच दिसल्या," ते म्हणाले. "म्हटलं, जवाई अनवाणी गेले."

माझ्या पायांत साडेसात हजारांचे बूट होते. अण्णांनी ते पाहिले, पण बोलले नाहीत. मी गेटच्या आडोशाला बसून बूट काढले आणि चपला घातल्या. आदल्या रात्री जेवताना मी सहज म्हणालो होतो की उजवीचा अंगठा सैल झालाय. त्यात काळा मेणाचा दोरा ओवलेला होता. तीन टाके, थोडे वाकडे. रात्री दिव्याखाली कधी बसले असतील कोण जाणे.

आम्ही परत निघालो. पंधरा पावलं, थांबा. पंधरा पावलं, थांबा. एका थांब्यावर ते म्हणाले, "मीही पळत होतो इथून. बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते ना. डबा घेऊन. भोंगा व्हायच्या आत पोचावं लागायचं."

एम्प्रेस मिल तलावाजवळच होती. जमशेदजी टाटांनी दलदलीत भराव घालून उभारली आणि १ जानेवारी १८७७ला, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, सुरू केली. म्हणून नाव एम्प्रेस. आता तिथं मॉल आहे. हे सगळं मला पाठ होतं. डबा घेऊन पळणारा पोरगा मात्र कुठं वाचलेला नव्हता.

"उशीर झाला तर?" मी विचारलं.

"तर बाबा उपाशी." जरा थांबून म्हणाले, "एकदाच झाला."

पुढं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. घड्याळानं मात्र विचारलं: हालचाल दिसत नाही, व्यायाम थांबवायचा का? मी ते काढून पिशवीत, बुटांशेजारी टाकलं.

वाड्यासमोर बारा-पंधरा माणसं जमली होती. सासूबाई दारात होत्या. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "एका सकाळीत किती वाळले!" आत्याबाईंनी मात्र थेट अण्णांनाच धरलं. "कुठं गेले होते जी जवाई?"

अण्णांनी काठी भिंतीला टेकवली, कठड्याला धरून एक पायरी उतरले, आणि वळून म्हणाले, "असंच."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी गाढ झोपेत असताना बाहेर हॉर्न वाजू लागला. खिडकीतून पाहिलं तर दूधवाला. त्यानं एका बाजूचा कॅन काढून सीटवर माझ्यापुरती जागा केली होती.

"चला जी," तो म्हणाला, "आज मीच सोडून देतो."