ब्रेक निवडावा कसा: सांगलीच्या साडूंसाठी नियमावली

(सदर नियमावली सर्वांसाठी आहे. आमच्या साडूंशी कोणाचे साम्य आढळल्यास ते साडूच समजावेत.)

नियम 1. आधी आपण राहतो कुठे ते पाहावे. सांगलीत उंची मोजतात ती पाण्याची. आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर धोका. रस्ता मात्र मिरजेपर्यंत पोळपाटासारखा. ब्रेक लागतो तो म्हैस आडवी आली तर. आमच्या साताऱ्यात समर्थ मंदिर सोडलं की यवतेश्वरचा घाट. चढताना देव आठवतो, उतरताना ब्रेक.

नियम 2. ब्रेकच्या जाती ओळखाव्यात.
दांडीचा: वडिलांच्या सायकलचा. मूठ दाबली की दांड्या ओढल्या जातात आणि रबर रिमला आतून लागतं. सायकल थांबेलच असं नाही, पण आपण थांबायच्या प्रयत्नात आहोत हे अख्ख्या पेठेला ऐकू जातं.
तारेचा: रबर रिमला दोन्ही बाजूंनी चिमटा काढतं. स्वस्त, कुठल्याही दुकानात दुरुस्त होणारा. पावसात मात्र पहिला फेरा रिमवरचं पाणी पुसण्यात जातो, पकड नंतर.
डिस्कचा: पावसाला भीक घालत नाही. त्यातला तेलावर चालणारा दोन बोटांत थांबवतो. बिघडला की कोपऱ्यावरचा मिस्त्री नुसता बघत राहतो.
चपलेचा: मागच्या टायरला टेकवावी. शेवटचा उपाय.

नियम 3. वहीवर विसंबू नये. साडूंनी सहा महिने व्हिडिओ बघून वही भरली. त्यात तक्ते, लाल शाईतल्या रेघा. रोज रात्री फोन, “दाजी, डिस्कशिवाय पर्याय नाही.” तोवर त्यांच्याकडे सायकल नव्हती.

नियम 4. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते निघण्याआधी दाबून बघावे. खरा थांबवतो तोच, कारण वजन पुढे येतं. एकटाच गच्च दाबला तर मालकही पुढे जातो.

नियम 5. उतारावर ब्रेक धरून बसू नये. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. हे साडूंना वर यवतेश्वरला तीनदा सांगितलं. त्यांनी नवाकोरा डिस्क समर्थ मंदिरापर्यंत दाबूनच आणला. आणि वर “किती तापली बघू” म्हणून चकतीला बोट लावलं. हे वहीत नव्हतं.

नियम 6. कोणाचं बोट भाजल्यास हसू नये. (मी हसलो.)

नियम 7. हसण्याआधी स्वतःचं आठवावे. नववीत असताना ब्रेक किरकिरतो म्हणून मी रबरांना खोबरेल तेल लावलं होतं. किरकिर तत्काळ थांबली. सायकल थांबली नाही. मोती चौकात कडब्याची गाडी उभी होती म्हणून आज ही नियमावली लिहितो आहे. तेव्हापासून ब्रेकच्या आसपास तेलाची बाटली दिसली तरी हात मागे येतो. हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तर मी ऐकलं नसतं.

गेल्या रविवारी साडू परत आले. वही घरी राहिली म्हणाले. भडंगाची पिशवी मात्र विसरले नव्हते. निघण्याआधी त्यांनी माझी सायकल उचलली, मागचं चाक फिरवलं, मूठ दाबली, कान लावला. “दाजी, तुमचं मागचं रबर संपलंय. घाट नको.”

बघितलं. संपलं होतं.

नियम 8. साडू बरोबर असल्यास रबर मुकाट्याने बदलावे. तसे लिहून मात्र देऊ नये.