अधांतरी बेत

शिरपूर जैनच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला टेकत नाही, अशी श्रद्धा आहे. आपले रानभटकंतीचे बेतही तसेच अधांतरी असतात. मूर्तीला निदान भाविकांचा आधार आहे. काटेपूर्णेकडच्या सागवानी टेकड्यांवर, धारेधारेने जाऊन निघाल्या जागी परत यायचे ठरले, की पहिली बैठक ठेच्यावर, दुसरी भाकरी की पोळी यावर आणि तिसरी कोणाची गाडी यावर होते. पाणी किती न्यायचे, हा प्रश्न ‘मिळेल की कुठेतरी’ म्हणत निकालात निघतो. सागाने पाने टाकल्यावर उन्हाळ्यात तिथे सावलीही मिळत नाही, पाणी तर दूरच. काटेपूर्णा अभयारण्यात शिरायला वनविभागाची परवानगी लागते, हे फाटकापाशी आठवते.

यावर म्हणतील, हे काय कळसूबाईचे १६४६ मीटर आहेत? टेकड्या बुटक्या, मान्य. पण नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये ठोकताळा दिला: पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला आणखी एक. बारा किलोमीटरचा, तीनशे मीटर चढाचा फेरा म्हणजे जवळपास तीन तास. त्यात जेवण, वामकुक्षी आणि फोटो धरलेले नाहीत. शिवाय वळसा अर्धा झाला, की मागे फिरणेही तितकेच लांब. आपण मात्र ‘सकाळी लवकर’ म्हणजे अकराला निघतो. डिसेंबरात वाशीमला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो.