आमचा फास्ट जिल्हा

एप्रिल २०११च्या पहिल्या आठवड्यात 'फास्ट' या शब्दाची मालकी आम्हा नगरकरांकडेच होती. २ तारखेला वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात श्रीरामपूरच्या झहीर खाननं पहिल्या पाच षटकांत फक्त सहा धावा देऊन एक गडी टिपला, त्यातली तीन षटकं निर्धाव. ५ तारखेला राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले. इंग्रजी वाहिन्यांच्या लेखी दोघंही फास्ट. एक धावत येऊन, दुसरे मांडी घालून.

आमच्या आळीतल्या एका आजोबांची यात फार पंचाईत झाली. टीव्हीच्या पट्टीवर अण्णांच्या नावाशेजारचा तो शब्द त्यांनी अक्षरं जुळवत वाचला आणि म्हणाले, "त्र्याहत्तराव्या वर्षी माणसानं एवढं फास्ट जाऊ नये. पडला-बिडला म्हंजे?" नातवानं समजावलं, "आबा, फास्ट म्हंजे उपास." त्या दिवशी घरात चतुर्थी होती. आबांनी समोरच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, भगर आणि शेंगदाण्याची आमटी नीट न्याहाळली. "मग हे काय?" नातू म्हणाला, "हे फास्ट फूड."

शब्दच तसा चकवा आहे. शाळेत 'स्लो'चं 'स्लोली' झालं, 'क्विक'चं 'क्विकली' झालं, म्हणून आमच्यातल्या निम्म्या वर्गानं मोठ्या विश्वासानं 'फास्टली' लिहिलं आणि छड्या खाल्ल्या. सर म्हणायचे, फास्ट हलत नाही, वळत नाही, फास्टचं फास्टच राहतं. गंमत अशी की त्याचा मूळ अर्थच घट्ट, पक्का, जागचा न हलणारा. म्हणून धुतल्यावर न जाणारा रंग फास्ट, घोरत पडलेला माणूस 'फास्ट अस्लीप', आणि नेम घट्ट धरून उपाशी बसणं तेही फास्टच. वेगाचा अर्थ मागाहून आला, नेट लावून पळण्यातून. म्हणजे वडीलकीचा मान राळेगणचा, श्रीरामपूर धाकटं. आणि त्या धाकट्यानंही त्या विश्वचषकात शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीनं सर्वाधिक २१ बळी घेतले, त्यात फलंदाजांना बुचकळ्यात टाकायला त्याच्याकडे होता नकल बॉल. फास्ट गोलंदाजाचा मुद्दाम हळू टाकलेला चेंडू! जिल्ह्याचं वळण असं सुटत नाही.

या शब्दाचा अस्सल नगरी वापर ऐकायचा तर स्टँडबाहेर पुण्याच्या जीपगाड्या लागतात तिथं जावं. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ला याच नगरहून पुण्याला सुटली. तेव्हापासून पुण्याला जायची घाई आम्हाला आहे, नेणाऱ्यांना नाही.

"चला पुणे फास्ट, पुणे फास्ट, एकच सीट!" ही आरोळी ऐकून आपण आत शिरतो, तर गाडीत आपण आणि गुळाच्या ढेपेवर पाय ठेवून बसलेल्या एक मावशी. उरलेल्या जागांवर पेपर, टॉवेल, एक चप्पल. इंजीन चालू. ड्रायव्हर मधूनच अॅक्सिलरेटर असा दाबतो की वाटावं, आता केडगाव, सुपा, शिरूर उडतच मागं पडणार. गाडी चार हात पुढं जाते. आपण पिशवी मांडीवर घट्ट धरतो. मग गाडी चार हात मागं येते.

मावशी डोळे न उघडता म्हणाल्या, "आवाजावर जाऊ नका. सकाळधरनं असाच पळतोय."

शेवटी मी मान बाहेर काढून विचारलं, "भाऊ, चहा घेऊन येऊ का? का लगेच निघताय फास्ट?"

"बिनघोर जा, सायेब," तो म्हणाला. "तुम्ही येईस्तोवर गाडी जागची हलत न्हाई." आणि बाहेर तोंड करून ओरडला, "चला पुणे फास्ट, एकच सीट!"