रीडिंग घेतलंय, पण सांगणार नाही

कोविडच्या दुसऱ्या लाटेत फोन उचलला की 'हॅलो'नंतरचा प्रश्न ठरलेला असे : 'स्कोर किती आला?' पंचवीसपैकी सहा म्हटलं की पलीकडचा सुस्कारा ऐकू यायचा, अठरा म्हटलं की आवाजच खाली यायचा. हा स्कोर ज्यातून निघायचा त्या छातीच्या सीटी स्कॅनचे, म्हणजे एचआरसीटीचे, दर तर राज्य सरकारने २०२० मध्येच बांधून दिले होते. सोळा स्लाइसच्या आतल्या मशीनला २००० रुपये, चौसष्टपर्यंत २५००, त्यापुढे ३०००. स्लाइस मोजल्या, रुपये मोजले, स्कोर मोजला. पेशंटच्या छातीतून किरणं किती गेली, एवढंच काय ते कुणाच्या पावतीवर आलं नाही.

मग मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया म्हणाले, एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिऑलॉजिस्टांची देशव्यापी संघटना खवळली. हे फार जुनं झालं, आताच्या मशीनवर ५ ते १० एक्स-रेइतकंच, असा तिचा खुलासा. चारशेवरून पाचावर! एवढी घासाघीस तुळशीबागेतही होत नाही. गंमत म्हणजे कुठलं मशीन, त्यावर कोणती सेटिंग आणि कोण चालवतंय यावर खूप काही अवलंबून असल्याने थोडंफार तथ्य दोघांच्याही म्हणण्यात होतं. प्रत्येक पेशंटपुरतं खरं उत्तर मात्र त्याच्याच फाइलीत पडून होतं, कारण आजचं सीटी मशीन स्कॅन संपला की स्वतःच हिशेब लिहून ठेवतं.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचं ते एक पान असतं. त्यावर सीटीडीआय, म्हणजे मशीनने कापामागे किती जोर लावला ते, मिलिग्रेमध्ये. शेजारी डीएलपी, म्हणजे तोच जोर गुणिले अंगाची जेवढी लांबी स्कॅन केली ती. पण फिल्मला पैसे पडतात, त्यामुळे हे पान बहुधा फिल्मवर येत नाही. सीडीत येतं, अगदी शेवटी. ती सीडी जिच्यात घालायची ती खाच घरातल्या कॉम्प्युटरला राहिलेली नाही.

काचेपलीकडे बसलेल्या टेक्निशियनचं बघा. त्याच्या छातीवर अंगावर पडलेली किरणं मोजणारा टीएलडी बॅज. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, असा नियम आहे आणि तो असायलाच हवा. पेशंटला मात्र मर्यादाच नाही. हेही बरोबरच आहे म्हणा. अपघातात डोकं फुटलेल्या माणसाला 'तुमचा यंदाचा कोटा संपला' असं कोण सांगणार? पण मर्यादा नाही याचा अर्थ आपण हिशेबही नाही असा लावून टाकला.

हिशेब नसला की हात सैल सुटतो. तालुक्याला पोटाचा सीटी होतो, जिल्ह्याला 'बाहेरची फिल्म आम्ही मानत नाही', पुण्याला 'आमच्या मशीनवर एकदा होऊन जाऊ दे'. छातीचा स्कॅन सांगितलेला असतो, जाता जाता यकृताचंही दर्शन घेतलं जातं. औषध टोचण्याआधी एकदा, टोचल्यावर एकदा, थोडं थांबून आणखी एकदा. तिन्हींची गरज होती का, हे विचारणाऱ्याला अडाणी समजतात. लहान मुलाला मोठ्या माणसाची सेटिंग लागली तरी फोटो सुरेखच येतो. किंबहुना जास्त सुरेख येतो, आणि तीच तर अडचण आहे. अंगाच्या जाडीप्रमाणे किरणांचा जोर आपोआप कमी-जास्त करणारी सोय मशीन विकत घेताना माहितीपत्रकात पहिल्या पानावर असते. पण डोस कमी केला की फोटो थोडा किरकिरा येतो, वरून साहेबांचा फोन येतो, आणि सेटिंग पुन्हा मूळपदावर जाते.

हे आपल्याकडेच होतं असं समजून कुणी लाजू नये. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात मेंदूच्या रक्तपुरवठ्याचे स्कॅन दीड वर्ष नेहमीच्या आठपट डोसने चालले होते. दोनशेहून अधिक पेशंट. २००९ मध्ये ते उघडकीला आलं ते कुठल्या तपासणी पथकामुळे नव्हे, तर एका पेशंटचे केस गळल्यामुळे. आकडे तोवर दर वेळी पडद्यावर उमटत होते. शेवटी कॅलिफोर्नियाने कायदाच केला, की १ जुलै २०१२ पासून सीटीचा डोस पेशंटच्या रिपोर्टात लिहायचा. एक ओळ टाइप करायला विधिमंडळ लागलं.

आमच्या बिल्डिंगमधल्या काकांची नोकरी वीज मंडळात मीटर रीडिंग घेण्यात गेली. परवा त्यांच्या पोटाचा सीटी झाला. रिपोर्टची पिशवी हातात पडताच त्यांनी काउंटरवर विचारलं, "रीडिंग कुठाय?"

"कसलं रीडिंग, काका?"

"किती युनिट गेली माझ्यातून?"

काउंटरवरच्या मुलीने आत पाठवलं. आतल्याने 'ते सिस्टिममध्ये असतं' म्हटलं. सिस्टिम कुठे आहे, तर तुमच्या मागेच. मग द्या बघून. तर तसं पेशंटला द्यायची पद्धत नाही, पेशंट घाबरतात. काका म्हणाले, "चाळीस वर्षं मी लोकांना आकडे सांगितले. घाबरून कुणी मेलं नाही, भांडले मात्र सगळे." भिंतीवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स फ्रेममध्ये झळकत होतं. काकांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं आणि तारीख अजून संपलेली नाही अशी खात्रीही करून घेतली.

शेवटी मॅनेजर बाहेर आले. अत्यंत सौजन्याने म्हणाले, "काका, किरणांची एवढीच काळजी असेल तर पुढच्या वेळी एमआरआय करा ना. त्यात किरणं अजिबात नसतात. सात हजार फक्त, तुम्हाला सीनियर सिटिझन डिस्काउंट देऊ."

काकांनी लगेच विचारलं, "आणि डिस्काउंट किती टक्के?" हा आकडा मात्र त्यांना लेखी मिळाला.