अकरा ते तीन

(तहसील कचेरीचं आवार. ग्रामपंचायतीसाठी अर्ज भरायचा शेवटचा दिवस, गुरुवार, दुपारचे पावणेदोन. कडुनिंबाखाली एक टेबल, त्यावर लॅपटॉप आणि प्रिंटर. प्रिंटरची वायर समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून आलेली आहे. तिच्यावर कुणाचा पाय पडला की प्रिंटर उचकी देतो. टेबलामागे केंद्रवाला. त्याने सकाळपासून चार चहा घेतलेत, जेवण नाही. कडक इस्त्रीचा सदरा घातलेला इच्छुक येतो. हातातली कापडी पिशवी त्याला एका बाजूला ओढते आहे.)

इच्छुक : दादा, एक अर्ज भरायचाय. पाच मिनिटांचं काम.

केंद्रवाला : आठवडाभर हेच पाच मिनिटांचं काम करतोय. बसा.

इच्छुक : आधी उभा राहतो. बसायचं मग बघू.

केंद्रवाला : खुर्चीवर बसा म्हटलं, भाऊ. आज आलात? बाकीच्यांनी परवाच भरले.

इच्छुक : आधी भरला की समोरच्याला कळतं. तीन वाजेपर्यंत आहे ना? म्हणजे साडेतीन धरू.

केंद्रवाला : ते लग्नपत्रिकेतले तीन. हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे तीन आहेत. तीनच्या ठोक्याला दार लावतात. आत असेल त्याला चिठ्ठी, बाहेर असेल त्याला पुढची पाच वर्षं.

इच्छुक : गेल्या खेपेला तर साडेपाचपर्यंत घेतले होते की!

केंद्रवाला : ती 2020 ची गोष्ट. चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचे अर्ज एकाच वेळी ऑनलाइन. सर्व्हर असा बसला की उठेना. शेवटी आयोगाने 30 डिसेंबरला, शेवटच्या दिवशी, कागदावरचे अर्ज घ्या आणि साडेपाचपर्यंत घ्या म्हणून सांगितलं. दरवेळी सर्व्हर तुमच्यासाठी बसणार नाही. मोबाइल द्या, ओटीपी येईल.

इच्छुक : (मोबाइल लांब धरून) सहा... नऊ... की आठ? चष्मा गाडीत राहिला.

केंद्रवाला : द्या इकडे. जन्मसाल?

इच्छुक : 83. आणि शिक्षणाचं विचारशील तर—

केंद्रवाला : नाही विचारत. सातवी पासची अट 1 जानेवारी 1995 ला आणि त्यानंतर जन्मलेल्यांना.

इच्छुक : बघ! अनुभवाला किंमत आहे सरकारदरबारी.

केंद्रवाला : सरपंचपदाला की सदस्याला?

इच्छुक : सदस्याला. सरपंचाचं काही खरं नाही. 2017 ला म्हणाले जनतेतून निवडा. 2020 ला म्हणाले, जनता नको, सदस्यांतून. 2022 ला पुन्हा जनतेतून. आमच्याकडचा एक जण दोन्ही पद्धतींनी पडलाय.

केंद्रवाला : अपत्यं किती?

इच्छुक : (पिशवी या हातातून त्या हातात घेत) ...तीन.

केंद्रवाला : (लॅपटॉप मिटत) या मग. 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनाच्या वर गेलात की अपात्र.

इच्छुक : मी तर एक मेव्हण्याला दत्तक द्यायला निघालो होतो. कागदसुद्धा आणला होता.

केंद्रवाला : चालत नाही. ओडिशात एका सरपंचाने तिसरं दत्तक दिलं होतं. 2018 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पद गेलं. दिलं तरी मोजणीत तुमचंच. कधीची आहेत तिन्ही?

इच्छुक : मुलगी 2005 ची. मग 2009 ला पोरं. जुळी.

केंद्रवाला : (लॅपटॉप उघडत) जुळी! अहो, आधी सांगायचं ना. पहिलं एकटं, मग एकाच बाळंतपणात कितीही झाली तरी कायदा ती एक धरतो.

इच्छुक : कायद्यात एक, शाळेच्या फीत दोन. लिही.

केंद्रवाला : घरपट्टी?

इच्छुक : ही पावती. काल रात्री साडेनवाला भरली. सहा वर्षांची.

केंद्रवाला : सहा? बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरायची असते. नाही भरली तर अपात्र.

इच्छुक : बिल मिळालंच नाही ना. शिपाई पुढच्या दाराने आला की मी मागच्या दाराने शेतात. सहा वर्षांत तो मला एकदाही भेटला नाही. काल मात्र ग्रामसेवक स्वतः चहा पाजून पावती फाडत होता.

केंद्रवाला : ग्रामपंचायत अधिकारी म्हणा, नाव बदललंय. आणि त्यांना तर दर पाच वर्षांनी हीच सुगी. (टाइप करत) शौचालय आहे?

इच्छुक : आहे की. अनुदानातलं. फरशी, दार, कडी, सगळं.

केंद्रवाला : नियमित वापर?

इच्छुक : रोज. सकाळ-संध्याकाळ दार उघडायचं, पाहिजे तेवढे काढायचे, दार लावून घ्यायचं.

केंद्रवाला : (टाइप करता करता थांबतो) काय काढायचे?

इच्छुक : कांदे. चाळीत जागा उरली नाही. पण सांगतो दादा, कांद्याला जागा मोठी झकास. वर जाळी आहे, हवा खेळती राहते. एकाला कोंब नाही.

केंद्रवाला : भाऊ, खाली सही करायचीय तुम्हाला. घोषणापत्र आहे. उद्या निवडून आलात आणि कुणी तक्रार केली, तर सदस्यत्व जाईल.

इच्छुक : निवडून आलो तर ना? कुठं करू सही?

(केंद्रवाला त्याच्याकडे नीट बघतो. प्रिंटर उचकी देतो.)

केंद्रवाला : अतिक्रमण? सरकारी जागेवर काही?

इच्छुक : होता. ओटा. घरापुढं, रस्त्यावर चार फूट आलेला. वडिलांनी बांधलेला.

केंद्रवाला : वडिलांनी का असेना, वापरणारा पण अडकतो. 2018 चाच निकाल आहे.

इच्छुक : म्हणून तर काल रात्री पाडला. जेसीबीला तीन हजार दिले. संध्याकाळी गाव टेकायचं तिथं. बायको सकाळपासून बोलत नाही.

केंद्रवाला : संडासातले कांदे तसेच, आणि ओटा पाडलात?

इच्छुक : ओटा येता-जाता दिसतो. संडासाला दार आहे. छाननीत कुणी हरकत घेतली आणि अर्ज उडाला, तर मला बसवायला कोण येणार?

केंद्रवाला : बसवायला?

इच्छुक : (जवळ सरकत) दादा, तू शिकलेला आहेस. मला काय पंचायतीत जाऊन दिवाबत्तीवर भांडायचंय? अर्ज टिकला की समोरच्याला घोर लागतो. मग रात्री चार माणसं घरी येतात, म्हणतात, बसून घे. गेल्या खेपेला असाच उभा राहिलो, असाच बसलो. साडेसातची मोटर आली विहिरीवर.

केंद्रवाला : हळू बोला! जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची आणि नंदुरबारच्या खोंडामळीची अख्खी निवडणूक आयोगाने रद्द केली. पदाचा लिलाव झाला म्हणून.

इच्छुक : लिलावाला चार लोक लागतात. आमच्या जागेला आम्ही दोघंच, मी आणि समोरचा. आणि पडलो तर खर्चाचा हिशेब लिहा, निकालापासून तीस दिवसांत द्या, नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत बाद. बसलं की हिशेब नाही.

केंद्रवाला : बँकेचं वेगळं खातं तरी उघडलंय ना?

इच्छुक : हे पासबुक. कोरं. तसंच राहणार.

केंद्रवाला : आणि आज गुरुवार. दीड ते तीन राहुकाळ. राहुकाळात अर्ज भरायला आलेले तुम्ही पहिलेच.

इच्छुक : (समाधानाने) पंचांग बघूनच निघालो. मला यश नकोच आहे.

(प्रिंट निघते. इच्छुक तीन ठिकाणी सही करतो, चौथ्या ठिकाणी सवयीने अंगठ्याकडे बघतो. दोन चाळीस. पळत आत. खिडकीमागे कारकून.)

कारकून : प्रिंट, घोषणापत्र, पावती, पासबुक... ठीक. अनामत पाचशे. राखीव असाल तर शंभर.

इच्छुक : सर्वसाधारण. (पिशवी टेबलावर ओततो.) घ्या. गावाने एकेक रुपया वर्गणी काढून दिलेत.

कारकून : (नाण्यांच्या ढिगाकडे बघत) गावाने?

इच्छुक : किराणा दुकानातून सुट्टे आणलेत. पण फोटोत गावाचेच दिसतील. कुणीतरी फोटो काढा रे!

कारकून : दहाच्या पन्नास नोटा निघत नाहीत का?

इच्छुक : निघतात. पण वर्तमानपत्रात येत नाहीत.

कारकून : (नाणी दहादहाच्या चळतीत लावत) कायद्याने हजार रुपयांपर्यंत नाणी घ्यावी लागतात म्हणून बरं... नव्वद... शंभर... हे पाचाचं कसं आलं यात?

इच्छुक : एखादा भक्त जास्तच असतो.

(बाहेर लांबून हलगी ऐकू येते. भिंतीवरच्या घड्याळात दोन त्रेपन्न.)

कारकून : तीनशे दहा... हा कुणाचा मोर्चा?

इच्छुक : (खिडकीतून मान बाहेर काढत) समोरचा! दीडशे माणसं आणलीत. फेटे बांधलेत सगळ्यांना. दादा, माझा अर्ज स्वीकारल्याचं नीट लिहा हां, त्याला दाखवायचंय.

कारकून : चारशे ऐंशी... आत का येत नाहीयेत ते? पारावर काय थांबलेत?

इच्छुक : घड्याळ बघतोय. शेजारी गुरुजी उभे आहेत... हात वर केलाय त्यांनी. म्हणतायत, थांबा.

कारकून : पाचशे. जुळले. (शिक्का मारतो.) दोन एकोणसाठ. ही पोच घ्या.

(हलगी जोरात वाजते. मग एक शिट्टी. मग लोखंडी दार लागल्याचा आवाज. मग हलगी एकदम बंद. बाहेर गलका : “अहो, राहुकाळ आत्ता तीनला संपला! तोवर पाऊल कसं टाकणार?” हवालदाराचा आवाज : “राहुकाळ आणि वेळ एकदमच संपली.”)

इच्छुक : उघडा ना दार. माणूस दारात आहे. एक मिनिटाने काय होतं?

कारकून : तुम्ही कुणाच्या बाजूने बोलताय?

इच्छुक : अहो, माझा समोरचा आहे तो! तो आत नाही आला तर मी कुणासमोर...

कारकून : (रजिस्टर चाळत) तुमच्या जागेला एवढा एकच अर्ज. उद्या छाननीत टिकला आणि माघार घेतली नाहीत, तर बिनविरोध. अभिनंदन.

इच्छुक : आणि घेतली तर? माघार?

कारकून : तर जागा रिकामी. माघारीच्या दिवशी तीनपर्यंत घेता येते. पण घेताय कशाला? समोर कुणी नाही.

(इच्छुक बाकाकडे जातो. बाक आधीच भरलेला आहे. उभ्या-उभ्याच मोबाइल काढतो.)

इच्छुक : हॅलो... अगं, ऐक... नाही, नाही बसलो. उभाच आहे... अगं, मोटर राहू दे आता, नुसतं ऐक. आधी संडासातले सगळे कांदे बाहेर काढ... आत्ताच्या आत्ता. फरशी धुऊन घे... कुठं म्हणजे? ठेव की ओट्यावर...

(तिकडून काही बोललं जातं. बराच वेळ.)

हो. नाहीये ओटा.