डाव्या पायाची नोकरी

आपल्याकडे डाव्या अंगाला फारसं कोणी विचारत नाही. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, दक्षिणा उजव्या हाताने द्यायची, नवी सून घरात येणार तीही उजवं पाऊल टाकून. सकाळी सकाळी डाव्या हाताने पैसे पुढे केले तर मंडईतली मावशी अजूनही ते घेत नाही. "भवानीची वेळ आहे ताई" म्हणते आणि उजवा हात मोकळा होईपर्यंत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसते. हाताची ही कथा, मग पायाचं तर बोलायलाच नको. उजवा पुढे गेला की मुकाट्याने त्याच्यामागून जायचं, एवढंच डाव्याचं जन्माचं काम.

अशा या दुर्लक्षित अंगाला एकदम हुद्द्यावर बसवणारं यंत्र म्हणजे गिअरची मोटार. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणून गिअरचा दांडा डाव्या हाताला येतो. क्लच तर जगात कुठेही जा, डाव्याच पायाला. उजवा पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यात येरझाऱ्या घालतो, उजवा हात स्टिअरिंग धरून बसतो. कसबाचं म्हणावं असं सगळं काम डावीकडे. आमचा एक भाचा जर्मनीत असतो. तिकडे गिअर उजव्या हाताला. सुट्टीत पुण्याला आला आणि गाडी चालवायला बसला की सुरुवातीला गिअर बदलायला म्हणून हा उजवा हात दाराकडे नेतो आणि खिडकीची काच खाली करतो. प्रत्येक चौकात काच खाली. क्लच मात्र त्याचा एकदाही चुकत नाही.

मी गाडी शिकायला गेले ती पन्नाशी उलटल्यावर. तोपर्यंत क्लच या प्रकाराशी माझा काही संबंध आला नव्हता, आणि याला केवळ माझा आळस कारण नाही, पुण्याचा इतिहासही आहे. माझ्या पिढीच्या पुणेकर बायका सायकलवरून उतरल्या त्या लुनावर बसल्या. लुना 1972 सालची. मग 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की सुरू आणि मूठ पिळली की चालू. पुढे स्कूटी, ॲक्टिव्हा. यातल्या एकीलाही हाताने गिअर टाकावा लागत नव्हता. त्याच काळात घरातले पुरुष आकुर्डीच्या बजाज चेतकवर होते. चेतकला क्लच डाव्या हातात आणि गिअरही त्याच मुठीत, पिरगाळून टाकायचा. म्हणजे एकाच घरात, एकाच पार्किंगमध्ये, पुरुषांचा डावा हात शिकलेला आणि बायकांचा अडाणी. सरकारनेही ही वाटणी कागदावर मान्य केलेली आहे: दुचाकीचं लायसन्स 'विदाऊट गिअर' वेगळं आणि 'विथ गिअर' वेगळं. मोटारीला मात्र हा भेद नाही. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा द्या, नाहीतर गिअरच्या. हातात येणारं कार्ड एकच. ब्रिटनमध्ये असे लाड नाहीत. तिथे ऑटोमॅटिकवर पास झालात तर जन्मभर ऑटोमॅटिकच चालवा, गिअरची हवी असेल तर पुन्हा परीक्षेला या.

"त्यात काय, चेतकसारखंच!" असं नवरा म्हणाला. नवऱ्याकडून गाडी शिकू नकोस हा सल्ला मला तीन मैत्रिणींनी दिला. त्यांतल्या दोघींनी तो स्वतः पाळलेला नव्हता, म्हणून मी तो गंभीरपणे घेतला आणि ड्रायव्हिंग स्कूल गाठलं.

क्लच म्हणजे काय, हे शिकवणाऱ्या सरांनी अगदी थोडक्यात सांगितलं: "दाबायचा पटकन, सोडायचा हळू." पुढचं मी घरी येऊन वाचलं. इंजिनाचा स्वभाव असा की त्याला थांबता येत नाही. चालू राहायचं तर मिनिटाला आठशे-नऊशे फेरे घेतच राहायला हवं. त्याच्या फार खाली गेलं की ते बंद पडतं. चाकांना मात्र सिग्नलला पूर्ण थांबावं लागतं. एक अखंड फिरणारं आणि एक ठप्प उभं, या दोघांची गाठ घालून द्यायची ती क्लचने. आत इंजिनाला जोडलेलं जड फ्लायव्हील गरगरत असतं आणि त्याला खडबडीत अस्तराची एक चकती चिकटायची असते. पेडल दाबलं की चकती सुटी होते, सोडलं की चिकटते. एकदम सोडलं तर उभ्या गाडीचं सगळं ओझं फिरत्या इंजिनावर येऊन पडतं, गाडी गचका देते आणि गप्प बसते. ज्याने धावती पीएमटी पकडली आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागू नये. बस स्टॉपवर न थांबता चार हात पुढे जाऊन हळू होते; आपण तिच्या बरोबरीने पळतो, वेग जुळला की दांडा धरतो आणि पाय ठेवतो. उभ्या उभ्या दांडा धरणाऱ्याचा खांदा निखळतो. ते बरोबरीने पळणं म्हणजे हाफ क्लच. चकती थोडी घसरते, थोडी पकडते, असं करत करत वेग जुळवून घेते.

हे कळलं तरी पायाला कळायला हवं ना. पेडलच्या सगळ्या प्रवासात चकती पकडते ती जागा बोटभरसुद्धा नाही, आणि तिच्यावर कसली खूण नाही. सरांनी पहिल्याच सकाळी चप्पल काढायला लावली होती. पेडलवरचं रबर आधीच्या किती विद्यार्थ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत केलेलं होतं कोण जाणे. गिअरच्या दांड्यावरच्या गोळ्याचीही तीच अवस्था. त्यावर कोरलेले एक ते पाच आकडे इतके पुसले गेले होते की 'दोन' चाचपडूनच ओळखायचा. "आवाज ऐका मॅडम. घोगरा झाला की पाय तिथंच ठेवायचा." खरंच इंजिनाचा आवाज एक सूर खाली येतो. बॉनेट केसभर उचललं जातं. तळव्याच्या मधोमध, जिथे आयुष्यात रुतलेल्या काट्याशिवाय दुसरं काही जाणवलेलं नसतं, तिथे बारीक थरथर सुरू होते. उजव्या पायाला असलं काही कळत नाही. त्याला जोर कळतो. ही थरथर ओळखायचं काम डाव्याचं, आणि पन्नास वर्षं कुणी काही न शिकवलेल्या त्या पायाने ते हळूहळू आत्मसात केलं याचं मला आजही कौतुक आहे. अर्थात ही विद्या एका गाडीपुरती असते. चकती झिजत जाईल तशी ती जागा वर सरकते, त्यामुळे स्कूलच्या गाडीत हुशार ठरलेला पाय घरच्या गाडीत पहिले काही दिवस उपराच.

सर माझ्या मुलाच्या वयाचे. ते मला मॅडम म्हणत, मी त्यांना सर. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असावा लागतो, तसा नियमच आहे. पहिल्या आठवड्यात मी उत्तम गाडी चालवत होते. इतकी उत्तम की लोक उगाच बाऊ करतात असं वाटायला लागलं. मग एकदा लक्षात आलं, माझ्या पायाखालचं पेडल माझ्याही आधी खाली जातंय. दोन्हीकडची पेडलं आतून जोडलेली असतात; मी चालवत होते ती गाडी बहुतांशी सरच चालवत होते, तेसुद्धा खिडकीबाहेर बघत, फोनवर पुढच्या विद्यार्थ्याला पत्ता सांगत. एका सकाळी सहकारनगरच्या रिकाम्या गल्लीत त्यांनी दोन्ही पाय वर घेतले, सीटवर मांडी घातली आणि म्हणाले, "हं, आता तुमची गाडी." मोटारीत मांडी घालून बसलेला माणूस इतका भीतिदायक दिसू शकतो याची मला कल्पना नव्हती.

त्यांचा आदरभाव रस्त्यावरच्या परिस्थितीनुसार कमी-जास्त होई. रस्ता मोकळा असेल तेव्हा "ब्रेक घ्या, मॅडम." समोर रिक्षा आडवी आली की "ब्रेक घ्या!" रिक्षा अगदीच अंगावर आली की "दाब, दाब, दाब!" आणि ती निघून गेली की "चला मॅडम, फर्स्ट टाका." कच्चं लायसन्स, लाल एल, तीस दिवस थांबणं, मग परीक्षा, हे सगळं रीतसर पार पडलं; त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते चढाचं. सपाट रस्त्यावर उजवा पाय बऱ्यापैकी मिजाशीत असतो. नळ स्टॉपच्या पुलावर चढताना वाहतूक अडली की त्याची खरी पंचाईत होते. ब्रेक सोडल्याशिवाय ॲक्सिलरेटर देता येत नाही आणि ब्रेक सोडला की गाडी मागे. मागे पुणेकर. तो आपल्या बंपरला बंपर लावून उभा असतो, कारण मध्ये जागा ठेवली तर तिथे तीन स्कूटर येतात आणि हे त्याला अनुभवाने माहीत असतं. इथे डावी बाजू पुढे होते. डावा हात हँडब्रेक ओढून गाडी धरतो, डावा पाय क्लच त्या थरथरीपर्यंत आणतो, गाडीचं नाक उचललं जातं, मग हँडब्रेक खाली. उजवा पाय तोवर ॲक्सिलरेटरवर जाऊन पोचलेला असतो आणि सगळं आपणच केलं असं त्याला वाटत असतं.

डाव्या हाताचा खरा दरारा मी लहानपणी एसटीत पाहिला होता. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं तापलेलं झाकण, आणि त्याच्या कडेने वर आलेला तो लांबलचक, सतत थडथडणारा गिअरचा दांडा. कात्रजचा घाट लागला की ड्रायव्हर एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबायचे: एकदा दाबून न्यूट्रल, सोडून इंजिनाला एक हुंकार, पुन्हा दाबून खालचा गिअर. डबल क्लच. गिअरच्या दात्यांचे वेग आपसूक जुळवून देणारी यंत्रणा अमेरिकेत कॅडिलॅकने 1928 मध्येच मोटारीत बसवली होती, पण आमच्या घाटापर्यंत ती सावकाश आली. तोवर ते जुळवायचं काम ड्रायव्हरचा कान आणि डावा पाय करत. त्या मंडळींचा एक नियम होता, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर न्यूट्रल करून तेल वाचवणारे आजही भेटतात, आणि ब्रेक तापून निकामी झाल्यावर काय होतं ते पेपरात छापून येतं. त्यात वाचत काही नाहीच. आताच्या इंजेक्शनवाल्या गाड्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला तर उतारावर इंधन जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळतच राहतं. हे मी नवऱ्याला सांगितलं. चेतक उतारावर बंद करून नेणाऱ्या माणसाला हे पटणं अवघड आहे.

पण हा दांडा आणि हा क्लच, दोघेही आता जायला निघालेले. पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे-नगर रस्त्यावर धावली होती. 1 जून 2022 रोजी त्याच रस्त्यावर एसटीची विजेवर चालणारी 'शिवाई' धावली. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला दांडा नाही, पायाला क्लच नाही. चेतकही 2020 मध्ये परत आली ती विजेची होऊन. डाव्या हाताला आता ब्रेक. बारसं जुन्या नावाने करायचं आणि जुन्या हाताचं काम काढून घ्यायचं, असा हा रिवाज दिसतो. मोटारीत मारुतीच्या सेलेरियोने 2014 मध्ये क्लच न दाबता गाडी चालवायची सोय साध्या माणसाच्या खिशाला परवडेल अशी करून दिली. गंमत अशी की त्या गाडीत क्लच असतोच. गिअरबॉक्सही आपला नेहमीचाच. फक्त क्लच दाबणारं कोणीतरी आत बसवलेलं असतं. शेजारी सर बसल्यासारखे, फक्त ते मांडी कधीच घालत नाहीत.

मागच्या महिन्यात आम्हीही असली गाडी बघायला गेलो, नवऱ्याचा डावा गुडघा कुरकुरतोय म्हणून. चक्कर मारायला मी बसले. शोरूमचा मुलगा शेजारी, मांडीवर फाइल. पहिल्या सिग्नलला सवयीने डावा पाय क्लच दाबायला गेला; तिथे क्लच नव्हता, पण रुंद ब्रेकची डावी कड होती. क्लचच्या जोराने दाबलेला ब्रेक काय करतो हे ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. फाइल काचेवर जाऊन आपटली.

"काकू, डावा पाय मागे ओढून घ्या," तो कागद गोळा करत म्हणाला. "या गाडीत त्याला काही काम नाही. ते बाजूला आहे ना, ते पाय ठेवायला. डेड पेडल म्हणतात त्याला."

मागच्या सीटवरून नवऱ्याने विचारलं, "गिअरच्या गाडीपेक्षा हिला किती जास्त पडतात?"

"साधारण पन्नास हजार, काका."

"म्हणजे एका पायाला बसवून ठेवायचे पन्नास हजार?"

"हातही धरा की," मी म्हटलं. "तोही बसूनच राहणार."

"मग पंचवीस-पंचवीस पडले," असं म्हणून तो जरा निवळला आणि जुन्या गाडीचे एक्स्चेंजमध्ये किती येतील ते विचारायला लागला.